शाळेतून थेट मायनर लीग, की आधी कॉलेज? (बेसबॉल)

पराग_ब्रिजवॉटर

माझा भाचा टेक्सासमध्ये अकरावीत आहे. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळतो. दोन-तीन कॉलेजांचे कोच त्याच्या मागे आहेत आणि हल्ली मॅचला जाळीमागे स्टॉपवॉच घेऊन बसलेले स्काउटही दिसायला लागलेत. पुढच्या वर्षी बारावी झाली की जुलैच्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगचे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) नाव येण्याची शक्यता आहे, असं त्याचा कोच म्हणतो. झालं! तेव्हापासून ताईच्या घरी रोज हाच विषय. ताई म्हणते आधी कॉलेज, मग काय ते. भाऊजी म्हणतात, संधी दार ठोठावतेय तर उघडायचं.

दोघांच्याही तोंडी एकच नाव असतं, अर्जुन निम्माला. आईवडील भारतातून फ्लोरिडात आलेले, मुलगा २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत विसावा निवडला गेला, टोरोंटो ब्लू जेजनी तीस लाख डॉलर दिले, वय १७. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं ठरलेलं होतं, ते सोडून त्याने सही केली.

माझं मत ताईच्या बाजूने आहे. मी राहतो तिथे सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान अगदी रेल्वे स्टेशनला लागून आहे. न्यूयॉर्क यांकीजच्या हाताखालचा मायनर लीगमधला डबल-ए संघ. उन्हाळ्यात आमच्या बऱ्याच संध्याकाळी तिथेच जातात. त्या मैदानावरचा प्रत्येक मुलगा आपापल्या गावात लहानपणापासून सगळ्यात भारी खेळाडू होता. इथे येऊन तो महिनाभर बॉलला बॅट लावू शकत नाही. बाद होऊन डगआउटकडे परत येताना त्याचा चेहरा पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसतो. बावीस-तेवीसचे मुलगे ते कसंबसं पेलतात. सतराव्या-अठराव्या वर्षी, घरापासून लांब, एकट्याने हे झेलायचं? मला पटत नाही.

तुमचे अनुभव सांगा. विशेषतः अमेरिकेत मुलं वाढवलेल्यांनी.

खान्देशी

मी शाळेत असताना जळगावकडून सॉफ्टबॉल खेळलोय, त्यामुळे खेळ कळतो. पण हे सिंगल-ए, डबल-ए प्रकरण जरा उलगडून सांगा की कुणीतरी. डबल-ए म्हणजे चांगलं की वाईट?

भालचंद्र_फ्रिमाँट

खान्देशी, सांगतो.

मेजर लीगमध्ये ३० क्लब. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार संघ, खालून वर : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. एकूण १२०. पूर्वी १६० होते, २०२१ मध्ये फेररचना करून चाळीस गावांचे संघ कमी केले. या चार पायऱ्यांच्या खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनात क्लबांच्या सराव-संकुलांवर नवख्यांची लीग चालते आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आणखी एक. ड्राफ्ट झालेला शाळकरी मुलगा साधारणपणे सगळ्यात खालून सुरुवात करतो.

गणित मांडून बघा. वर जागा किती? ३० क्लब, प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे ७८०. खाली अमेरिकेत एका क्लबला १६५ पर्यंत खेळाडू करारावर ठेवता येतात, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. आणि दर जुलैला २० फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे सहाशेच्या घरात नवी मुलं. जेवढी येतात साधारण तेवढ्यांना घरी पाठवावं लागतं.

डबल-ए ही खरी गाळणी. तिथपर्यंत नुसत्या वेगावर आणि ताकदीवर जाता येतं. डबल-एचा पिचर (बॉल टाकणारा) मात्र स्ट्राइक हवा असतानाही कर्व्ह (वळणारा बॉल) टाकतो आणि तो जागेवर पडतो. तिथे टिकला तो बऱ्याचदा ट्रिपल-एला न थांबता थेट वर जातो. होसे अल्टुवेचंच बघा ना. व्हेनेझुएलाचा, उंची पाच फूट सहा इंच, पहिल्या चाचणीत बुटका म्हणून परत पाठवलेला. ह्यूस्टनने २००७ मध्ये फक्त १५ हजार डॉलरला घेतला. २०११ मध्ये डबल-एमधून थेट मेजरमध्ये, २०१७ चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.

आमच्याकडे सॅन होजे जायंट्स आहेत, सिंगल-ए. १९४२ चं जुनं मैदान. बस्टर पोझी आणि मॅडिसन बमगार्नर २००९ मध्ये तिथेच खेळत होते. पुढच्याच वर्षी दोघांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकलं! तेव्हा तिकीट होतं एका सिनेमाच्या तिकिटाएवढं. ज्यांनी पाहिलं ते अजून सांगत असतात.

रणजित_टॅम्पा

पराग, तुमच्याशी साफ असहमत.

पडायचं असेल तर लवकर पडलेलं बरं. निम्मालाचंच पुढचं बघा. २०२४ च्या सुरुवातीला डनीडनला, सिंगल-एमध्ये, त्याची बॅट अजिबात चालेना. क्लबने त्याला सामन्यांतून बाजूला काढलं, संकुलावर नेऊन स्विंगवर काम करून घेतलं आणि मग परत पाठवला. उत्तरार्धात त्याने होमरनचा सपाटा लावला. पुढच्या वर्षी हाय-ए, व्हँकुव्हरला. तेव्हा वय १९. कॉलेजात असता तर त्या वयाला तो दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलेला असता.

आणखी दोन गोष्टी कुणी बोलत नाही. कॉलेजात धातूची बॅट असते. व्यावसायिक खेळ लाकडी बॅटचा. धातूच्या बॅटीने आतला बॉल मुठीजवळ लागला तरी मैदानात पडतो, लाकडी तिथेच मोडते. ती सवय बदलायला हंगाम जातो. दुसरं म्हणजे सामने. कॉलेजात नियमित हंगामाचे जास्तीत जास्त ५६. सिंगल-एमध्ये १३२. मंगळवार ते रविवार रोज मॅच, सोमवारी सुट्टी. बॅटिंग ही रोज करून येणारी गोष्ट आहे.

माइक ट्राउट न्यू जर्सीच्या मिलव्हिलचा, शाळेतून २००९ मध्ये पंचविसावा निवडलेला. एकोणिसाव्या वर्षी मेजरमध्ये. कॉलेजला गेला असता तर काय मिळवलं असतं त्याने?

अनघा_शार्लट

रणजित, ट्राउटचं उदाहरण देऊन कुणाच्याही मुलाचा निर्णय घेऊ नये रे. ट्राउट एक असतो.

मी दुसरी दोन नावं सांगते. ॲरन जज. शाळेतून निघताना २०१० मध्ये ओकलंडने त्याला ३१ व्या फेरीत घेतलं होतं. तो फ्रेझ्नो स्टेटला गेला. तीन वर्षांनी यांकीजनी पहिल्या फेरीत घेतला, अठरा लाख डॉलर. गेरिट कोल तर त्याहून धाडसी. २००८ मध्ये यांकीजनी पहिल्या फेरीत निवडलं, तरी नाही म्हणाला. यूसीएलएत गेला आणि २०११ मध्ये देशात पहिला निवडला गेला, ऐंशी लाख डॉलर.

पराग, एक नियम घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा. चार वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं की तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत परत ड्राफ्टमध्ये येता येत नाही. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला गेला तर दरवर्षी येता येतं. हा मधला रस्ता आपल्या लोकांना माहीतच नसतो, कारण ज्युनियर कॉलेज म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो.

डॉ_सुलभा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाळकरी खेळाडू रोज बघते. एकच मुद्दा मांडते. पिचर आणि शॉर्टस्टॉप यांना एकाच मापाने मोजू नका.

पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसा अस्थिबंध (लिगामेंट) असतो. दर फेकीला त्यावर प्रचंड ताण येतो. तो तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली, आता मिसरूड न फुटलेल्या मुलांवरही होते. १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसात १०५ च्या वर पिचेस टाकू नयेत आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती घ्यावी, असं मेजर लीगच्याच मार्गदर्शक तक्त्यात आहे. शाळा संपली की शनिवार-रविवारी वेगळ्या संघाकडून खेळणारी मुलं हा हिशोब ठेवतच नाहीत, कारण दोन्हीकडचे कोच एकमेकांशी बोलत नाहीत. तो हिशोब पालकांनीच वहीत ठेवायचा.

म्हणून पिचरला चांगली रक्कम मिळत असेल तर मी घ्या म्हणेन. कॉलेजातली तीन वर्षं त्याच्या हाताला फुकट नसतात. ब्रेडी एकेनचं नाव आठवतंय? २०१४ मध्ये पहिला निवडलेला शाळकरी पिचर. कोपराच्या तपासणीवरून ह्यूस्टनशी फिसकटलं, सही झाली नाही, पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. मेजरमध्ये तो कधीच पोचला नाही.

भाचा शॉर्टस्टॉप आहे, तर घाई नाही.

रानवाटा

कुमार रॉकरला विसरू नका! आईकडचे आजीआजोबा भारतातून आलेले. व्हँडरबिल्ट कॉलेजकडून २०१९ मध्ये एका सामन्यात १९ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि एकही हिट नाही. २०२१ ला मेट्सनी दहावा घेतला, वैद्यकीय तपासणीनंतर करारच दिला नाही. मग पठ्ठ्या स्वतंत्र लीगमध्ये लहानशा संघाकडून खेळला, २०२२ ला टेक्सासने तिसरा घेतला, ५२ लाख डॉलर. मग टॉमी जॉन. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेजरमध्ये पहिला सामना. काय चिवटपणा आहे!

मेघना_मिडवेस्ट

मी सहसा वाचनमात्र असते, पण इथे लिहायलाच हवं.

क्लबांनी खेळाडूंच्या राहण्याची सोय करायला २०२२ पासून सुरुवात केली. त्याआधी लहान गावांत खेळाडू कुटुंबांकडे राहायचे. आमच्याकडेही राहिलेत, आमच्या गावच्या संघाचे. पहिला मुलगा व्हेनेझुएलाचा. सोळाव्या वर्षी करार, म्हणजे शाळा तिथेच संपली. आमच्याकडे आला तेव्हा एप्रिल होता आणि बाहेर बर्फ. त्याने बर्फ कधी पाहिला नव्हता. थंडीत बॅटला बॉल नीट लागला नाही की मुंग्या कोपरापर्यंत जातात, म्हणून संध्याकाळी घरी आला की आधी हात गरम पाण्यात धरून बसायचा.

बाहेरगावची मॅच असली की बस रात्री एक-दोनला परत यायची. मी वरणभात झाकून ठेवायचे. तो वर एक तळलेलं अंडं टाकून खायचा. सुट्टीच्या दिवशी माझ्या पोळ्यांच्या तव्यावर अरेपा (मक्याच्या जाड भाकऱ्या) करायचा आणि आईला व्हिडिओ कॉल लावून तवा दाखवायचा. पगारातले पैसे घरी जात. तेव्हा पगार म्हणजे काय, हंगामापुरते महिन्याला हजार-बाराशे डॉलर.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. अर्ध्या तासात परत आला, बॅग भरली. रिलीज, म्हणजे क्लबने सोडून दिलं. वय एकवीस. माझ्या मुलाला त्याने आपला ग्लोव्ह दिला आणि तो कसा तेल लावून ठेवायचा ते जाता जाता दाखवलं.

दुसरा मुलगा कॉलेज करून आलेला. त्यालाही रिलीज केलं, पण त्याच्याकडे पदवी होती. आज एका शाळेत गणित शिकवतो आणि संघाचा कोच आहे.

दोघांच्या खेळात मला फरक दिसला नव्हता. पराग, तुझ्या ताईचं म्हणणं मला म्हणून कळतं.

खान्देशी

मेघनाताई, वाचून गलबललो. पगार खरंच एवढा कमी होता?

भालचंद्र_फ्रिमाँट

होता. २०१८ मध्ये तर अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की किमान वेतनाचे नेहमीचे नियम यांना पूर्णपणे लागू नाहीत. हंगामाबाहेरच्या सरावाचे पैसे नाहीत. खेळाडूंनी खटला भरला, २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी ते संघटनेत आले आणि २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-एचा वार्षिक पगार २६,२०० डॉलर, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. आधी ट्रिपल-एला १७,५०० होता. मेजरमध्ये किमान पगार तेव्हा ७,२०,००० होता. एका पायरीत वीसपट!

म्हणून मी म्हणतो, सुरुवातीचा बोनस हीच बहुतेकांची खरी कमाई. त्यातून कर जातो, एजंटचा वाटा जातो. उरलेल्यात पाच-सहा वर्षं काढायची.

आजोबा_डोंबिवली

मला बेसबॉलमधलं फार कळत नाही, नातू तिकडे आहे म्हणून वाचतो. पण हे सगळं वाचताना अमोल मुझुमदार आठवला. १९९४ ला पदार्पणात २६०. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारताची टोपी शेवटपर्यंत नाही. आणि २०२५ मध्ये त्याच्याच प्रशिक्षणाखाली आपल्या मुलींनी विश्वचषक आणला. वर न पोचलेला माणूस वाया गेला असं समजू नका एवढंच म्हणतो.

कोपऱ्यावरचा

आजोबा, _/\_. पद्माकर शिवलकरांचंही नाव घ्या. ५८९ बळी!

रानवाटा

आता इथे मुंबईचा संघ निवडायला घेऊ नका रे, पाचशे प्रतिसाद होतील. :)

पण आपल्याकडचे दोन जण या शिडीवर चढले होते हे सांगायलाच हवं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सनी करार केला. त्याआधी दोघांनी हातात बेसबॉल धरलेला नव्हता. दिनेश २०१० ला परतला, रिंकू वेस्ट व्हर्जिनियात सिंगल-एपर्यंत गेला, पुढे कुस्तीकडे वळला. शून्यातून सिंगल-ए म्हणजे किती मोठी मजल आहे हे मला हा धागा वाचून आज नीट कळलं.

रणजित_टॅम्पा

मेघना, तुमचा अनुभव मनापासून वाचला. पण त्या व्हेनेझुएलाच्या मुलापुढे कॉलेजचा पर्यायच नव्हता. परागच्या भाच्याचं तसं नाही, आणि सही केली म्हणून त्याचं शिक्षण संपतही नाही. करारात कॉलेज स्कॉलरशिप योजना घालून घेता येते. खेळणं थांबल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू केलं तर ठरलेली रक्कम क्लब भरतो. किती सत्रं, सत्राला किती डॉलर, हे सही करण्याआधी भांडून ठरवायचं.

उलट कॉलेज फुकट असतं हा आपल्या लोकांचा भ्रम आहे. डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या) संघाकडे कालपरवापर्यंत सगळ्या मुलांत मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या. बहुतेकांना तुकडाच मिळायचा. २०२५ पासून ३४ जणांचा संघ आणि प्रत्येकाला देता येईल असा नियम आलाय, पण देता येईल म्हणजे देतीलच असं नाही. कोचला आकडा विचारा.

अनघा_शार्लट

हे मात्र शंभर टक्के बरोबर. पण रणजित, रिलीज झाल्यावर बावीस-तेवीसचा मुलगा अठरा वर्षांच्या मुलांबरोबर वर्गात बसायला किती वेळा तयार होतो? पैसे असतात, उभारी नसते. मार्क ॲपलचं बघ. स्टॅनफर्डचा. २०१२ ला पिट्सबर्गला नाही म्हणाला, परत कॉलेजात गेला, २०१३ ला देशात पहिला निवडला गेला, ६३ लाख ५० हजार डॉलर. तरी खेळ बिघडत गेला. २०१८ ला त्याने सोडून दिलं. २०२१ ला परत आला आणि जून २०२२ मध्ये, तिसाव्या वर्षी, मेजरमध्ये पहिला सामना खेळला. मधल्या काळात तो कोसळला नाही, कारण त्याला खेळाबाहेरचं आयुष्य होतं.

रणजित_टॅम्पा

आणि जॅक्सन हॉलिडे? २०२२ चा पहिला, थेट शाळेतून. एप्रिल २०२४ ला मेजरमध्ये आला, ३४ वेळा बॅटिंग, दोन हिट्स. परत खाली ट्रिपल-एला पाठवला. ३१ जुलैला परत आला आणि त्याच दिवशी ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा. वय वीस. पराग म्हणतात ना, मुलं झेलू शकणार नाहीत? झेलतात.

अनघा_शार्लट

त्याचे वडील मेजर लीगचे ऑल-स्टार. घरात रोज सांगणारा माणूस होता, बाळा, हे होतं, थांब जरा. तेच तर आपल्या घरात नसतं. आपल्याकडे गणितात नव्वद पडले तर दहा कुठे गेले विचारतात. दहातल्या सात वेळा बाद होणारा बॅटर उत्तम असतो, हे आधी घरच्यांना पचायला हवं.

डॉ_सुलभा

अनघा, हे वाक्य मी दवाखान्यात लावणार आहे.

पराग_ब्रिजवॉटर

सगळ्यांचे आभार. ताई आणि भाऊजी दोघांनी मिळून धागा वाचला, मेघनाची पोस्ट ताईने दोनदा. काल फोनवर भाच्याशी सविस्तर बोललो. त्याला विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, मामा, मला रोज खेळायचंय, पण मला इंजिनिअरिंगही आवडतं आणि बसमध्ये बसून ते जमणार नाही.

भाऊजींनी एक रक्कम ठरवली आहे. ड्राफ्टच्या आधी स्काउटने विचारलं की तीच सांगायची. कर आणि एजंट वजा जाऊन पूर्ण पदवीचा खर्च आणि पाच वर्षांचं जगणं निघेल एवढी. शिवाय स्कॉलरशिप योजना लेखी. त्याखाली एक डॉलर कमी मिळाला तरी कॉलेज. भाच्याला मान्य आहे. उन्हाळ्यात लाकडी बॅटच्या स्पर्धेत त्याला उतरवायचं, हेही ठरलं. रणजित, ते तुमच्यामुळे.

माझं मत अजून कॉलेजकडेच झुकतं, पण रक्कम ठरवण्याची पद्धत मला पटली.

रणजित_टॅम्पा

उत्तम निर्णय! फक्त एक. ती रक्कम एकदा सांगितली की ड्राफ्टच्या दिवशी बदलायची नाही. दहाव्या फेरीनंतर फोन येतात, दीड लाखात करतोस का, म्हणून. तेवढा बोनस क्लबच्या ठरलेल्या निधीत मोजला जात नाही, म्हणून ते सहज विचारतात. त्या दिवशी फोन भाऊजींकडे ठेवा, मुलाकडे नको.

मेघना_मिडवेस्ट

आणि कुठल्याही कॉलेजला हो म्हणण्याआधी तिथला इंजिनिअरिंगचा विभाग बेसबॉलच्या मुलांना प्रयोगशाळेच्या वेळा बदलून देतो का, हे विचार. दुपारी सराव आणि दुपारीच लॅब असते. बरीच मुलं याच कारणाने पहिल्या वर्षी शाखा बदलतात. कोचला नको, तिथे शिकणाऱ्या खेळाडूलाच विचार.